गरिबीत गेलेल्या बालपणाचं आत्मकथन वाचक मंडळात कसं वाचावं

गावच्या वाचनालयात दहा-बारा माणसं जमून कादंबरी वाचतात आणि ती फसते, तेव्हा एक संध्याकाळ वाया जाते, एवढंच. गरिबीत गेलेल्या बालपणाचं आत्मकथन फसलं तर माणूस दुखावतो आणि पुन्हा मंडळात येत नाही. ऐकणाऱ्यांत कुणीतरी ते दिवस काढलेले असतात. कुणाच्या आजोबांच्या दारात इतरांनी ते काढलेले असतात. गोव्यासारख्या लहान मुलखात ही दोन्ही घरं एकाच वाड्यावर असतात, एकमेकांना नावानिशी ओळखतात.

म्हणून सगळ्या तयारीला एक नियम पायाशी ठेवावा: प्रश्न पुस्तकातल्या घराबद्दल विचारायचा, समोर बसलेल्या माणसाच्या घराबद्दल नाही. स्वतःचं सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. खाली जे सांगितलं आहे ते आठ ते चौदा जणांच्या मंडळासाठी आहे. आठांहून कमी असले की न बोलणाऱ्यावर सगळ्यांची नजर जाते, चौदांहून जास्त झाले की संकोची माणसाची पाळीच येत नाही.

कोणतं पुस्तक, किती प्रती

पुस्तक पारखायची सोपी रीत अशी. ते कुठंही तीन ठिकाणी उघडावं आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन पानं वाचावीत. काय खाल्लं, किती जणांत वाटलं, उसनं कुणाकडून आणलं, फी किती थकली, असं काही हाताला लागतं का पाहावं. ‘फार हाल झाले’, ‘दिवस कठीण होते’ अशीच वाक्यं मिळत असतील तर ते पुस्तक एकट्यानं वाचायला ठीक असेल, मंडळात त्यावर बोलण्यासारखं फार उरत नाही. सभासद मग हळहळतात आणि गप्प होतात.

मराठीत या जातीचं लेखन भरपूर आहे, त्यामुळे निवडीला वाव आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) गाव आणि मुंबई दोन्ही दाखवतं. भोगलेला दगडू आणि लिहिणारा दया या एकाच माणसाच्या दोन रूपांचं त्यात बोलणं चालतं, म्हणून ते वाचायला दोन आवाज घेता येतात. आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७) कुळाच्या घरातल्या मुलाच्या शाळेसाठीच्या झगड्याचं आहे. खंड आणि कूळ हे शब्द गोव्यात घरोघरी ठाऊक असल्यामुळे इथल्या वाचकाला ते चटकन भिडतं. मात्र पुस्तक मोठं आहे. पहिल्या खेपेला पहिला एक तृतीयांश भागच घ्यावा. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ एका घरापेक्षा अख्ख्या वस्तीचं आहे, बायकांच्या उपासमारीचं आणि कामाचं आहे. मंडळात बायका जास्त असतील तर सुरुवात त्यानं करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रतींचा हिशेब आधीच मांडावा. दोनशे पानांचं पुस्तक, रोज पंचवीस पानं धरली तर एका माणसाला आठ दिवस लागतात. बारा सभासद आणि चार प्रती असतील तर तीन फेऱ्या, म्हणजे चोवीस दिवस. प्रत एका घरातून दुसऱ्या घरात जायला लागणारा वेळ धरून पहिल्या बैठकीआधी पुरते पाच आठवडे हवेत. बहुतेक मंडळं दोन आठवडे देतात, आणि मग निम्मे लोक न वाचता येतात. प्रती पणजीच्या पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा तालुक्याच्या वाचनालयात आधी शोधाव्यात, कमी पडतील तेवढ्याच विकत घ्याव्यात. प्रत्येक प्रतीत एक कागद चिकटवून नाव, घेतल्याची तारीख, पुढं कुणाला द्यायची, एवढं लिहावं.

सगळं पुस्तक झेरॉक्स करून वाटू नये. छापून आलेल्या साहित्यातला वाजवी लांबीचा उतारा लोकांसमोर वाचायला १९५७चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. पूर्ण पुस्तकाच्या नकला काढायला देत नाही. ज्येष्ठांना बारीक टाइप दिसत नाही, म्हणून त्या दिवशी वाचायचा उतारा तेवढा एफोरवरून एथ्रीवर मोठा करून घ्यावा (मशीनवर १४१ टक्के) आणि बैठकीनंतर परत गोळा करावा.

दिवस, जागा, बसणं

लावणीचे दिवस, चवथ, गावची जत्रा आणि शिगमो टाळावा. काजूच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते मे, बागायती गावांत सकाळी कुणी मोकळं नसतं. या पुस्तकांसाठी चवथीनंतरचे महिने उत्तम. ख्रिस्ती सभासद असतील तर रविवारी मिसाची वेळ सोडावी. दुपारी चार ते पावणेसहा ही वेळ बरी पडते, शेवटच्या बसची काळजी राहत नाही. पावसाळ्यात घेतलीच तर चार्जिंगचे दोन दिवे जवळ असू द्यावेत. वीज गेली की वाचन तुटतं, आणि दुखऱ्या जागेवर तुटलेलं वाचन पुन्हा जोडणं कठीण.

जागेचा विचार जरा जास्त करावा लागतो. देवळाचा सभामंडप प्रशस्त असतो, फुकटही मिळतो. पण जातीच्या अपमानाचं पान तिथं बसून वाचताना कुणाची जीभ अडेल, कुणाचा पाय आत यायलाच अडेल, हे धरून चालावं. एखाद्या मोठ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराच्या सोप्यावर तर हे पुस्तक घेऊच नये, यजमान कितीही मनमिळाऊ असले तरी. शाळेचा वर्ग, पंचायतीची खोली, वाचनालय या सगळ्यांच्या जागा.

खुर्च्या गोल मांडाव्यात, सगळ्या एकाच उंचीच्या. चालकानं टेबलामागं बसू नये. दाराजवळच्या दोन खुर्च्या मुद्दाम मोकळ्या ठेवाव्यात. मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जाता यावं, आणि परत येताना सगळ्यांसमोरून चालत यावं लागू नये.

खाण्याबद्दल एक सूचना कळकळीची आहे. पुस्तकात पेज आणि कण्या आहेत म्हणून त्या दिवशी ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून द्रोणात पेज वाटायची टूम काही ठिकाणी निघते. ती काढू नये. ज्यानं नाइलाजानं पेजेवर दिवस काढले त्याच्यासमोर त्याचं जेवण नाटकातल्या सामानासारखं मांडलं जातं. चहा, बिस्किटं किंवा नेहमीची पातळ भाजी-पाव ठेवावा, आणि तोही मंडळाच्या खर्चानं. घरून काहीतरी करून आणायच्या पाळ्या लावल्या तर कुणी काय आणलं याची मनातल्या मनात तुलना होते. ती या पुस्तकाच्या दिवशी नको.

चालकाची तयारी

चालकानं पुस्तक दोनदा वाचावं. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, समासात चारच खुणा करत: ‘ख’ म्हणजे खाणं, ‘प’ म्हणजे पैसा आणि उसनवारी, ‘श’ म्हणजे शाळा, ‘म’ म्हणजे मारहाण, दारू, अत्याचार. पुढची सगळी कामं या चार खुणांवर चालतात. ‘म’ची पानं कोणती, हे सभासदांना प्रत देतानाच सांगावं. लहानपणी मार खाल्लेल्या माणसाला ते पान अवचित समोर यायला नको.

मग शब्दांची यादी. घाटावरच्या आत्मकथनांतले पुष्कळ शब्द गोव्यातल्या मराठी वाचकाला नवे असतात आणि विचारायला लाज वाटते, म्हणून तो ते गाळून पुढं जातो. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी काढायचं चामड्याचं साधन. येसकर म्हणजे गावच्या वेशीची राखण आणि गावकी करणारा, त्या कामाच्या पाळीबरोबर घरोघर भाकरी मागण्याची पाळीही आलीच. हुलगे म्हणजे आपले कुळीथ, माडगं त्याच्या पिठाचं. सुकडी म्हणजे १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामांवर वाटलेलं खाणं. अशी वीस-पंचवीस शब्दांची यादी एका पानावर बसवून प्रतीबरोबरच द्यावी. बैठकीत अर्थ सांगत बसू नये, वाचनाचा ओघ तुटतो.

पैशाचा आणि मापाचा कागद वेगळा करावा. सोळा आण्यांचा रुपया, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, आणि १ एप्रिल १९५७पासून शंभर नव्या पैशांचा रुपया. गोव्याचा हिशेब निराळा होता. इथं रुपीला सोळा तांगे, १९५८मध्ये एस्कुदो आला आणि एका रुपीला सहा एस्कुदो धरले गेले, मुक्तीनंतर भारतीय रुपया. ज्येष्ठ सभासद बोलताना हे तिन्ही मिसळतात, तेव्हा कागद जवळ असला की वाद होत नाहीत. पायली, कुडव यांचं माप गावागणिक वेगळं होतं. तिथं आजच्या किलोत रूपांतर करायचा हट्ट धरू नये. एका पायलीत किती माणसं किती दिवस जेवली, एवढं विचारावं.

शेवटी काळाची पट्टी. एका लांब कागदावर वरच्या बाजूला पुस्तकातली वर्षं लिहावीत: जन्म, शाळेत नाव घातलं ते वर्ष, शाळा सुटली ते वर्ष. खालच्या बाजूला गोव्याची: १९५५च्या सुमाराची आर्थिक नाकेबंदी, १९ डिसेंबर १९६१ची मुक्ती, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात (१९६३ ते १९७३) गावोगाव निघालेल्या प्राथमिक शाळा, १९६४चा कूळ कायदा, १९७५चा मुंडकार कायदा, १९७६ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती. एवढ्यानं मोठं काम होतं. पुस्तकातला मुलगा फीपायी वर्गाबाहेर उभा होता त्या वर्षी आपल्या तालुक्यात शाळा होती का, हे पट्टीवरून दिसतं, आणि ते कुणाच्या घरात न डोकावता दिसतं.

एक खबरदारी. पट्टी पाहून लोक लगेच जोड्या लावतात: ‘बलुतेदार म्हणजे आपले मुंडकारच की.’ नव्हेत. मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहायचा, राखण आणि कामं करायचा, आणि उठवला जाण्याची भीती हा त्याच्या जगण्याचा गाभा होता. म्हणून १९७५च्या कायद्याच्या नावातच घरातून काढण्यापासून संरक्षण आहे. बलुत्यात हक्क, वतन आणि जातीनं ठरलेलं काम एकत्र बांधलेलं होतं. साम्य दिसेल तिथं बोलावं, पण फरक आधी मांडावा.

उतारा आणि मोठ्यानं वाचणं

मोठ्यानं सावकाश वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. साधारण छापील पानाला अडीच मिनिटं लागतात. एका बैठकीत आठ पानं, म्हणजे वीस मिनिटं, ही मर्यादा. त्यापुढं ऐकणारे थकतात. आठ पानं सलग एकाच प्रसंगाची असावीत. ‘सगळ्यांत करुण’ पान निवडायचा मोह आवरावा. आई रडते ते पान सोडून, आई दुकानदाराकडं उधारी वाढवून मागते ते पान घ्यावं. पहिल्यानं फक्त डोळे ओले होतात. दुसऱ्यात दुकानदार, आई, वहीतला आकडा आणि दाराशी उभा मुलगा एवढं सगळं असतं, त्यावर तासभर बोलता येतं.

वाचणारा आठवडाभर आधी ठरवावा आणि त्यानं घरी दोनदा मोठ्यानं वाचून यावं. बोलीतला संवाद सोंग काढून वाचू नये. घाटी बोली अवघडत वाचली तर लोक हसतात आणि पान वाया जातं. संथ, आपल्या आवाजात वाचावं. गावात श्रावणात पोथी वाचणारी माणसं असतात, त्यांना लय, श्वास आणि थांबा यांची चांगली जाण असते. त्यांना जरूर विचारावं. फक्त एक सांगावं की इथं सूर लावायचा नाही.

जातीवाचक शिव्यांचं काय करायचं, हा प्रश्न दर वेळी येतो. लेखकानं त्या लिहिल्या आहेत, कारण त्या त्याला दिल्या गेल्या. गाळल्या तर पुस्तक खोटं पडतं. पण ज्या समाजाला ती शिवी दिली जायची त्या समाजातल्या सभासदाकडून ते पान वाचून घेऊ नये, आणि त्याला आधी एकट्याला गाठून ‘तुम्हीच वाचा, तुमच्या तोंडून शोभेल’ असंही म्हणू नये. वाचण्याआधी चालकानं एका वाक्यात सांगावं की या पानात अपमानाचे शब्द आहेत आणि ते लेखकानं लिहिले तसेच वाचले जातील. तेवढं पुरतं.

वाचन संपलं की दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. घड्याळ लावून दोन मिनिटं. ही वेळ चालकाला फार मोठी वाटते आणि तो ‘कसं वाटलं?’ म्हणून ती मोडतो. मोडू नये. नाहीतर ज्याच्याकडं तयार शब्द आहेत तोच पहिला बोलतो आणि पुढच्या सगळ्या बोलण्याला त्याचाच रंग चढतो.

घरखर्चाचा तक्ता

या सगळ्या पद्धतीत सर्वांत उपयोगी साधन हेच. मोठ्या कागदावर पाच रकाने आखावेत: पान क्रमांक, वस्तू, माप किंवा किंमत, कुणाकडून आली, बदल्यात काय द्यावं लागलं. ऐकलेल्या आठ पानांतून सभासदांनी एकेक नोंद सांगायची आणि एकानं लिहायची. पंचवीस मिनिटांत पंधरा-वीस नोंदी होतात.

शेवटचा रकाना भरताना खरं वाचन सुरू होतं. तांदूळ आले, पण त्यासाठी आई किती दिवस कांडपाला गेली? जुनं पुस्तक मिळालं, पण ज्यानं दिलं त्याच्या घरचं कोणतं काम मुलानं केलं? फी माफ झाली, पण त्यासाठी वर्गासमोर उभं राहून काय कबूल करावं लागलं? गरिबीत फुकट असं फार थोडं मिळतं, आणि हा रकाना ते मांडतो. काही नोंदींपुढं तो रकाना मोकळा राहतो, कारण लेखकानं सांगितलेलं नसतं. तो मोकळाच ठेवावा, अंदाजानं भरू नये. कधीकधी तिथं शेजारणीचं नाव येतं आणि बदल्यात काहीच दिलेलं नसतं. अशा नोंदीखाली रेघ मारावी. त्यावर आपोआप बोललं जातं.

तक्त्याचा दुसरा गुण असा की त्यात सगळ्यांना सारखं काम मिळतं. जुने दिवस काढलेली माणसं शेवटचा रकाना चटकन ओळखतात. कांडणाची मजुरी, सुक्या मासळीचा भाव, खंडाचं भात कधी पोचवायचं, हे त्यांना ठाऊक असतं. स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता ती इथं जाणकार ठरतात. तरुण सभासदाला पान शोधायचं काम देता येतं. ज्यांच्या घरी कधीच ददात नव्हती त्यांनाही अपराधी चेहरा करून बसावं लागत नाही, लिहिण्याचं काम असतं.

एक चूक इथं हमखास होते. लोक जुन्या किमतीचं आजच्या किमतीत रूपांतर करायला लागतात, ‘तेव्हाचे दोन रुपये म्हणजे आत्ताचे किती’, आणि दहा मिनिटं त्यात जातात. त्याऐवजी किंमत मजुरीशी ताडावी: त्या पुस्तकातल्या आईची दिवसाची मजुरी एवढी, तर पाटी घ्यायला तिचे किती दिवस गेले? हे आकडे पुस्तकातच असतात, आणि उत्तरही मनात राहतं.

चर्चा कुठं घसरते

तक्त्यानंतर चहा, मग अर्धा-पाऊण तास मोकळं बोलणं. सुरुवातीचे प्रश्न दोन-तीनच पुरतात. या पानांत कोण कुणाला काय देतं आणि का? मुलाला काय माहीत आहे आणि लिहिणाऱ्या मोठ्या माणसाला काय माहीत आहे? लेखक कोणाबद्दल गप्प आहे? हा तिसरा प्रश्न बहिणींपर्यंत पोचतो. भाऊ शाळेत गेला तेव्हा घरचं काम कुणी केलं, हे कित्येक पुस्तकांत एका ओळीत आटोपलेलं असतं.

घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत आधी येते ती चढाओढ: ‘आमच्याकडं तर याहून वाईट होतं.’ बोलणाऱ्याला थांबवू नये, अपमान होतो. त्याचं पूर्ण होऊ द्यावं आणि पुस्तकाकडं वळवावं: “बाब, तुम्ही म्हणता ते या घरात कुठल्या पानावर दिसतं?”

मग ‘बिचारे!’ दया दाखवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण खोलीतला जो माणूस तसा वाढला तो त्या शब्दानं लहान होतो. इथं चालकानं तक्त्यातली एखादी हिकमतीची नोंद वाचावी. एकाच वहीत दोन वर्षं कशी भागवली, कंदिलाचं तेल कसं वाचवलं. त्या घराची अक्कल पुढं आली की कीव आपोआप मागं पडते.

तिसरी घसरण सगळ्यांना आवडते, म्हणून जास्त धोक्याची: ‘कष्ट केले म्हणून वर आला.’ आत्मकथन लिहिणारा शिकला, म्हणूनच पुस्तक आपल्या हातात आहे. तेवढेच कष्ट केलेले त्याचे भाऊ, वर्गमित्र वर आले नाहीत, आणि तशी माणसं मंडळातही असतात. विचारावं: याच्याबरोबर शाळेत बसलेल्यांचं पुस्तकात पुढं काय होतं? कोणत्या पानावर एखादा मास्तर, एखादी माफी, एखादं वसतिगृह मध्ये आलं नसतं तर हा मुलगा थांबला असता? ते पान शोधायला लावावं.

‘गरिबी ती गरिबी, त्यात जात कशाला?’ हे वाक्य गोव्यात फार सभ्यपणे उच्चारलं जातं. वाद घालत बसू नये, पुन्हा तक्त्याकडं जावं. पाणी कुठून भरलं, शाळेत कुठं बसवलं, दुकानदारानं पैसे हातातून घेतले की खाली ठेवायला लावले? पुस्तकात उत्तर असेल तर ते वाचलं म्हणजे झालं. आपल्या गावातल्या कोणत्या वाड्यावर तसं होतं, हे विचारायची गरज नाही. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल.

मराठी की कोकणी हा वाद इथं आणू देऊ नये. पुस्तक मराठी असलं तरी लहानपणाचं बोलणं बहुतेकांच्या तोंडी कोकणीतच येतं. येऊ द्यावं. ‘मराठीत सांगा’ म्हटलं की माणूस सांगायचा थांबतो.

आणि रडू. कुणाला रडू आलं तर सगळ्यांनी त्याच्याकडं वळू नये. शेजारच्यानं पाण्याचा पेला पुढं करावा. चालकानं वाचन पुढं चालू ठेवावं किंवा चहा लवकर सांगावा. ‘मोकळं व्हा, बोला’ असा आग्रह करू नये. पण बोलण्यातून आजही चालू असलेला त्रास पुढं आला, घरात मारहाण, मुलावर अत्याचार, जीव नकोसा होणं, तर ते मंडळानं आपल्या खांद्यावर घ्यायचं काम नव्हे. चालकाच्या वहीत हे नंबर कायम असावेत: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेचं सरकारी रुग्णालय आहे. त्या व्यक्तीला एकटीला गाठून नंबर द्यावा, लागेल तर सोबत जावं.

स्वतःचं लिहून वाचायचं असेल तर

दोन-तीन बैठकी नीट झाल्या की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘मी पण थोडं लिहिलंय.’ त्यासाठी वेगळी बैठक ठेवावी. पुस्तकाच्या बैठकीच्या शेवटी उरलेल्या दहा मिनिटांत ते उरकू नये. एका बैठकीत तिघेच, प्रत्येकी पाचशे शब्दांपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं. आपली सगळी कथा न लिहिता एकच वस्तू घ्यावी: दप्तर, रेशन कार्ड, गळकं छप्पर, सणाचा एकमेव सदरा. वस्तूवर लक्ष ठेवून लिहिणाऱ्याचं लेखन भरकटत नाही, आणि कुठवर उघडं व्हायचं ते त्याच्या हातात राहतं.

वाचण्याआधी त्यानं तीन गोष्टी पाहाव्यात. जिवंत भावंडांबद्दल काही असेल तर त्यांना दाखवलं आहे का? गरिबी एकट्याची नसते, बहिणीच्या फाटक्या परकराची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय सांगितली जाऊ नये. गावातलं नाव, भाटकाराचं किंवा दुकानदाराचं, बदललं आहे का? नाव बदललं तरी वाडा आणि धंदा तोच ठेवला तर गावात ओळखू येतंच, म्हणून तेही बदलावं. आणि वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर पुढचं कोण वाचेल, हे ठरलं आहे का?

ऐकणाऱ्यांसाठी नियम कडक ठेवावेत. सल्ला नाही, शंका नाही, ‘खरंच असं झालं?’ नाही, आणि लगेच स्वतःची आठवण नाही. प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं: मला यातलं काय दिसलं, काय ऐकू आलं. ‘पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू आला’, ‘शिवलेल्या दप्तराचा बंद दिसला.’ लेखकाला यातून कळतं की काय पोचलं आणि काय राहून गेलं. भाषा सुधारायची असेल तर पुढच्या वेळी, त्यानं मागितलं तर.

मोबाइल बंद ठेवावेत, फक्त सायलेंटवर नव्हे. ध्वनिमुद्रण, फोटो, व्हॉट्सॲपवर ‘आज अमक्यांनी हृदयस्पर्शी अनुभव सांगितला’ असा संदेश, यांतलं काही नाही. गावात ही बातमी दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या मुलाच्या कामाच्या ठिकाणी पोचते. कागद ज्याचे त्याला परत द्यावेत. पुढं कधी पुस्तिका काढायची झाली तर तेव्हा प्रत्येकाची लेखी संमती नव्यानं घ्यावी. बैठकीत वाचलं म्हणजे छापायला दिलं असं होत नाही.

शाळकरी मुलं

मारहाणीची आणि अत्याचाराची पानं चौदा वर्षांखालच्या मुलांसमोर नकोत. बाकी पुस्तक त्यांना जरूर वाचू द्यावं, तक्ता ती झकास करतात. मात्र ‘माझ्या घरची गरिबी’ असा निबंध कुठल्याही वर्गाला देऊ नये. ज्याच्या घरी ती आत्ता आहे त्याला वर्गासमोर सांगावं लागतं, आणि ज्याच्या घरी नाही तो ती रचतो. आजी-आजोबांना विचारून ‘तुमच्या शाळेत बसायला काय होतं, पाटी कितीला मिळायची’ एवढे चार प्रश्न लिहून आणायला सांगावेत.

बैठकींनंतर

एका पुस्तकाला पंधरा दिवसांच्या अंतरानं चार बैठकी पुरतात: तीन पुस्तकाच्या, चौथी सभासदांच्या लेखनाची. लेखन आलं नाही तर चौथी घेऊच नये, कुणाला भरीस घालू नये. प्रत्येक बैठकीचा तक्ता तारीख घालून गुंडाळून ठेवावा. तीन-चार पुस्तकं झाली की ते शेजारी शेजारी लावून पाहावेत. कूळ, कामगार, भटकी जमात, सगळ्यांच्या शेवटच्या रकान्यात काय सारखं येतं आणि काय येत नाही, यावर एक स्वतंत्र बैठक होते. तिला नवं पुस्तक लागत नाही.

पहिल्या बैठकीला आलेला आणि दुसऱ्या बैठकीला न आलेला सभासद असेल तर चालकानं फोन करू नये, घरी जावं. पुस्तकाची प्रत आणायच्या निमित्तानं जावं आणि न येण्याचं कारण विचारू नये. चौथ्या बैठकीच्या दिवशी प्रतींवरचे कागद पाहून सगळ्या प्रती मोजून घ्याव्यात, ग्रंथालयाच्या त्याच आठवड्यात परत कराव्यात आणि पुढच्या पुस्तकाची तारीख पाच आठवडे पुढची धरावी.